मॉनिटर ठीक, मान ढिली: द्राक्षबागेतल्या विषबाधेची एक केस

पेशंट पुरुष, वय ३८, वणीच्या अलीकडच्या एका गावातला, स्वतःची अडीच एकर द्राक्षबाग. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी आजाराचा क्रम जसा झाला तसाच ठेवलाय. महिना ऑक्टोबरचा शेवट, गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेली, म्हणजे दिंडोरी-निफाड पट्ट्यात ज्या दिवसांत दर एक-दोन दिवसाआड कुठलं ना कुठलं औषध मारणं चालूच असतं, डावणीसाठी, भुरीसाठी, थ्रिप्ससाठी, मिलीबगसाठी. शेडमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटलीत उरलेलं औषध ओतून ठेवलेलं होतं, उन्हातून आल्यावर यानं ती तोंडाला लावली, दोन घोट पोटात गेल्यावर वास आला. असं घरच्यांनी सांगितलं. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली, पोलिसांचा जबाब झाला, त्यात मी इथं शिरत नाही, आयसीयूतल्या उपचाराला त्यानं काही फरक पडत नाही.

घटना सकाळी साडेदहाची. सव्वा अकराला जवळच्या सरकारी दवाखान्यात पोटाची धुलाई, अ‍ॅट्रोपीनच्या (अशा विषबाधेवरचं इंजेक्शन) काही अँप्युल, मग १०८ नं नाशिक. आमच्याकडे पोचेपर्यंत सव्वा वाजलेला. तेव्हा स्थिती अशी: बाहुल्या एकदम बारीक, तोंडातून लाळ आणि फेस, अंग घामानं निथळलेलं, पोटऱ्या आणि छातीचे स्नायू कातडीखाली फडफडतायत, नाडी ५२, बीपी ८४/५०, सॅच्युरेशन ७९, हाक मारली तर नुसतं कण्हणं. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांची एक जात, शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाईम बंद पाडणारी) हे कळायला कुठल्याही रिपोर्टची गरज नव्हती. पण कुठलं ऑरगॅनोफॉस्फेट हे कळायला होती, आणि सोबत आलेल्या भावाला नाव माहीत नव्हतं, तो नुसतं "मिलीबगचं औषध" म्हणत होता. शेवटी पुतण्याला फोन करून शेडमधल्या मूळ डब्याच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला: क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी. हा फोटो पुढे किती कामाला आला ते येईलच.

पहिल्या दहा मिनिटांत कपडे काढून साबणपाण्यानं अंग पुसणं आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकणं. ट्यूब टाकताना एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण रात्रीच्या ड्युटीला नवीन मुलं इथं अडकतात. सक्सिनिलकोलीन वापरलं नाही, रोक्युरोनियम वापरलं (दोन्ही ट्यूब टाकण्याआधी स्नायू ढिले करायची औषधं). सक्सिनिलकोलीन ज्या एन्झाईमनं तुटतं ते रक्तातलं कोलिनेस्टरेजच या विषानं बंद पडलेलं असतं, मग दोन-पाच मिनिटांचं औषध कितीतरी लांबतं. ट्यूब तरी टाकायचीच होती, म्हणून तसं मोठं संकट नसतं आलं, पण नंतर "पेशंट हलत का नाही" या प्रश्नाचं उत्तर शोधत बसावं लागतं.

मग अ‍ॅट्रोपीन. आपल्याकडे अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. पहिल्यांदा तीन, पाच मिनिटांनी बघायचं, सुधारणा नाही तर दुप्पट म्हणजे सहा, मग बारा, मग चोवीस. या पेशंटला चौथ्या डोसनंतर छाती मोकळी झाली. एकूण पंचेचाळीस अँप्युल, २७ मिलिग्रॅम. हे कागदावर लिहायला सोपं आहे, प्रत्यक्षात दोन सिस्टर बोटांना गॉज गुंडाळून काचा फोडतायत, तिसरी सिरिंजमध्ये ओढतेय, ट्रेमध्ये काचेचा ढीग, आणि फार्मसीतून खाली फोन की "मॅडम, खरंच एवढं?" हो, खरंच एवढं. बऱ्याच ठिकाणी अजून दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन अँप्युल अशी ठरीव पद्धत चालते आणि तिथंच वेळ जातो. बांगलादेशातल्या चित्तगावला याची रीतसर चाचणी झाली, २०१२ साली छापून आली, १५६ पेशंट. एका गटाला जुन्या पद्धतीनं ठरावीक बोलस (एकदम दिलेले डोस), दुसऱ्याला दुप्पट करत जाऊन मग इन्फ्युजन (सतत चालू ठेवलेलं औषध). मृत्यू पहिल्यात २२.५ टक्के, दुसऱ्यात ८ टक्के. पेशंट अ‍ॅट्रोपीनच्या पुरेशा असराखाली यायला लागलेला सरासरी वेळ पहिल्यात अडीच तासांच्या वर, दुसऱ्यात चोवीस मिनिटं. आणि गंमत म्हणजे अ‍ॅट्रोपीन जास्त झाल्याची लक्षणंसुद्धा दुसऱ्याच गटात कमी, कारण तिथं दर वेळी कोणीतरी पेशंटकडे बघून डोस ठरवत होतं. चाचणी छोटी होती, एकाच केंद्रावरची होती, ओपन-लेबल होती (कोणाला काय मिळतंय हे लपवलेलं नव्हतं), हे सगळं मान्य. तरी माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत भिंतीवर लावावा असा कागद हाच.

डोस कुठं थांबवायचा याच्या पाच खुणा आहेत: छातीत घरघर नाही, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, बाहुल्या बारीक नाहीत. पाचांना सारखं वजन नाही. बाहुल्या सगळ्यांत उशिरा बदलतात, त्यांच्या मागे लागून अ‍ॅट्रोपीन ओतू नये. नाडी हायपोक्सियानं (ऑक्सिजन कमी पडल्यानं), तापानं, पाणी कमी पडल्यानं कशानंही वाढते, म्हणून नाडी १२० आहे एवढ्यावरून पुरेसं झालं असंही म्हणता येत नाही. भरवशाची म्हणजे छाती आणि काख. पण छातीचीही एक खोच आहे आणि ती या पेशंटमध्ये नेमकी होती. डावीकडे छाती पूर्ण मोकळी, उजवीकडे खाली अजून चरचर. रेसिडेंट म्हणाला, अजून एक डबलिंग करू. थांबवलं. विषामुळे झालेला स्राव दोन्ही बाजूंना, सगळीकडे असतो, आणि एकाच कोपऱ्यात राहिलेली चरचर म्हणजे बहुतेक उलटी श्वासनलिकेत गेलेली. ती अ‍ॅट्रोपीननं जाणार नाही, कितीही द्या. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली डाग होताच. अ‍ॅस्पिरेशनचं अँटिबायोटिक सुरू केलं आणि अ‍ॅट्रोपीन तासाला ३ मिलिग्रॅमवर, म्हणजे लागलेल्या एकूण डोसच्या साधारण दहा-वीस टक्के तासाला, या हिशोबानं सिरिंज पंपवर लावलं.

आता पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, विषानं बंद पाडलेलं एन्झाईम परत जागं करणारं औषध, यावर आमच्या युनिटमध्ये कायम वाद, आणि वाद असायलाच पाहिजे कारण दोन चांगल्या चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून उभ्या आहेत.

एक आपल्याच महाराष्ट्रातली, बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलची, कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांची, २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका तालुक्याच्या गावच्या हॉस्पिटलमधून लॅन्सेट, याचं कौतुक आम्हाला अजून आहे. २०० पेशंट, सगळ्यांना आधी २ ग्रॅमचा लोडिंग डोस, मग अर्ध्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम आणि अर्ध्यांना दर तासाला १ ग्रॅम असं ४८ तास सलग. मृत्यू पहिल्या गटात ८, दुसऱ्यात १. दुसरी चाचणी श्रीलंकेतली, मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांची, २००९ ची, २३५ पेशंट, इथं तुलना थेट सलाईनशी आणि कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. पाम मिळालेल्यांत मृत्यू २४.८ टक्के, न मिळालेल्यांत १५.८. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नाही, पण फायदा तर दिसलाच नाही. वर आणखी पेच असा की पामनं तांबड्या पेशींमधलं एन्झाईम बऱ्यापैकी जागं झालेलं होतं, म्हणजे प्रयोगशाळेत औषध काम करत होतं आणि वॉर्डात पेशंटला त्याचा उपयोग दिसत नव्हता.

आमचे सर बारामतीवाले, मी श्रीलंकेकडे झुकणारी. पण खरं सांगायचं तर दोन्ही पेपर नीट वाचले की लक्षात येतं की पेशंटच वेगळे होते. बारामतीचे लवकर पोचलेले, मध्यम तीव्रतेचे, आणि तिथं व्हेंटिलेटरची सोय हाताशी. आणि तिथं पाम विरुद्ध काहीच नाही अशी तुलना नव्हतीच, जास्त पाम विरुद्ध कमी पाम अशी होती. त्यात विषाची जात हा मुद्दा आहे. डायमेथोएटसारखं डायमिथाईल जातीचं विष एन्झाईमला असं काही चिकटतं की काही तासांतच ते कायमचं बाद होतं, अर्धं बाद व्हायला चार तासांच्याही आत. क्लोरपायरिफॉस डायइथाईल, तिथं हाच वेळ तीस तासांच्या वर जातो. म्हणजे पाम उपयोगी पडण्याची खिडकी एकात जवळजवळ बंद होऊन पेशंट येतो, दुसऱ्यात उघडी असते. आमचा पेशंट तीन तासांच्या आत पोचलेला, लेबल क्लोरपायरिफॉसचं. सरांशी यावेळी भांडण झालं नाही. २ ग्रॅम अर्ध्या तासात सावकाश (जोरात ढकललं तर बीपी चढतं, उलट्या होतात, कधी हृदयच बंद पडतं), मग तासाला अर्धा ग्रॅम, ४८ तास. लेबलवर डायमेथोएट असतं आणि पेशंट दुपारी चारला आला असता तर मी नको म्हटलं असतं. पुतण्याच्या त्या फोटोची किंमत ही.

नातेवाइकांचं सगळं लक्ष एका आकड्यावर होतं. सीरम कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट आला ४०० च्या घरात, नॉर्मल पाच हजारांच्या पुढं. भाऊ रोज विचारायचा, "डॉक्टर, ते किती झालं आज?" त्याला समजावून सांगायला वेळ लागला की हा आकडा विष अंगात गेलंय हे सांगतो, पेशंट कसा आहे ते सांगत नाही, आणि तो लिव्हर नवीन एन्झाईम बनवेल तसा हळूहळू वर येतो. मी रोज तपासणी लिहिणं बंद केलं. रोजचे पैसे जातात आणि त्यावरून एकही निर्णय बदलत नाही.

याच काळात आमच्या युनिटमध्ये अशा पेशंटांची एक साधी निरीक्षण-नोंद चालू होती, एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेली. उपचारात काही बदल नाही, फक्त दर तासाला ठरलेल्या खुणा एका तक्त्यात भरायच्या. पेशंट बेशुद्ध, म्हणून संमती भावाची. नियमानं हे चालतं, पण पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला परत विचारायचं असतं, आणि तो नाही म्हणाला तर कागद बाजूला. बऱ्याच ठिकाणी हा दुसरा टप्पा गळतो. तक्त्यात पाच खुणांच्या शेजारी आणखी तीन रकाने: ताप, पोटातले आवाज, बडबड किंवा ओढाताण. हे तिन्ही अ‍ॅट्रोपीन जास्त झाल्याचे.

दुसऱ्या रात्री हे तीन रकानेच कामाला आले. मंगळवारी रात्री एकच्या सुमारास ताप १०१.५, नाडी १४०, पेशंट ट्यूब ओढायला बघतोय. छातीत डाग माहीत असल्यामुळे सगळ्यांचा पहिला विचार न्यूमोनिया वाढला, सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग), अँटिबायोटिक बदला, कल्चर पाठवा. पण तक्ता बघितला तर रात्री दहापासून पोटाचे आवाज नाहीत, काख एकदम कोरडी, कातडी तापलेली आणि सुकी, बाहुल्या मोठ्या. सेप्सिसमध्ये पोट थंडावू शकतं, कबूल, पण हे सगळं एकत्र आलं की आधी पंपाकडे बघावं. अ‍ॅट्रोपीन बंद केलं, दर अर्ध्या तासाला छाती ऐकत राहिलो, थोडं मिडाझोलाम (शांत करणारं औषध), ओल्या फडक्यानं अंग पुसणं. पहाटेपर्यंत ताप १०० वर, पोट बोलायला लागलं. मग आधीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर परत सुरू. कल्चर तरीही पाठवलेली, ती नंतर निगेटिव्ह आली.

बुधवारी सकाळी चित्र छान. पेशंट जागा, डोळे उघडून बघतोय, ऑक्सिजन कमी लागतोय, अ‍ॅट्रोपीन तासाला एक मिलिग्रॅमच्या खाली आलेलं. अकराला ट्यूब काढली. ट्यूब काढण्याआधी मान उचलायला लावली होती, उशीवरून डोकं वर करून पाच सेकंद धरलं. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावले तर बावीसपर्यंत गेला. बायको भेटायला आली तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलला. घरच्यांना वाटलं सुटलो, आणि आमच्या राउंडलाही सूर तसाच होता, वॉर्डात शिफ्ट करायचं का असा विषय निघालेला.

या आजाराचा वाईट भाग इथून सुरू होतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करलिएदे यांनी १९८७ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लिहून ठेवलंय: लाळ, घाम, घरघर हा पहिला झटका ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, काही पेशंटांच्या मानेचे, खांदा-मांडीचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. अ‍ॅट्रोपीनचा त्यावर काडीचा उपयोग नाही. पेशंट शुद्धीत, बीपी छान, नाडी छान, आणि श्वास हळूहळू संपत चाललेला.

रात्री पावणेदहाला सिस्टर उशीचा अभ्रा बदलत होत्या. त्यांनी पेशंटला म्हटलं, "दादा, डोकं जरा उचला." त्यानं हनुवटी छातीकडं न्यायचा प्रयत्न केला, कपाळावर आठ्या आल्या, डोकं उशीवरून हललंसुद्धा नाही. हात उचलत होता, बोटं घट्ट धरत होता, मान नाही. सिस्टरांनी मला बोलावलं तेव्हा मॉनिटरवर सॅच्युरेशन ९७, नाडी ९२, बीपी १२४/७६. सगळे आकडे हिरवे. एका श्वासात मोजायला सांगितलं: एक, दोन, तीन… अकराला थांबला. तासाभरानं परत मोजलं, नऊ. आवाज नाकात जायला लागलेला. एबीजीमध्ये (धमनीच्या रक्ताची तपासणी) कार्बन डायऑक्साईड ५४, म्हणजे वाढलेला.

सॅच्युरेशनचं काय होतं ते इथं सांगायलाच पाहिजे. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की पेशंट अर्धवट श्वास घेत असला तरी बोटावरचं यंत्र बराच वेळ चांगलाच आकडा दाखवतं, कारण ते ऑक्सिजन बघतं, हवा आतबाहेर किती होतेय ते बघत नाही. ते घसरेपर्यंत थांबलं तर पहाटे तीनला, घाईत, कदाचित वॉर्डात, लिफ्टच्या वाटेवर ट्यूब टाकायची वेळ येते. आम्ही रात्री बाराच्या आत, सावकाश, पेशंटला समजावून सांगून टाकली. परत रोक्युरोनियम, डोस कमी, कारण स्नायू आधीच अर्धे झोपलेले. भावाला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा तो भडकला, "सकाळी तर बोलत होता, तुम्ही ट्यूब काढलीच कशाला?" रास्त प्रश्न आहे. सकाळच्या खुणांवर ट्यूब काढणं बरोबर होतं, पण हे परत होऊ शकतं असं घरच्यांना सकाळीच बसवून सांगायला हवं असतं. आता ट्यूब काढतानाच सांगण्याची पद्धत ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी सरांचं म्हणणं, पाम ४८ तासांवर बंद केलं म्हणून मान गेली, चालू ठेवायला हवं होतं. मला हे पटत नाही. मान ढिली पडते ती पाम पुरेसं न मिळाल्यानं, अशी एक मांडणी आहे, पण श्रीलंकेच्या चाचणीत पाम सात दिवसांपर्यंत देऊनही ट्यूब लागणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नव्हतं. शिवाय क्लोरपायरिफॉस चरबीत साठतं, तिथून सावकाश बाहेर येतं आणि लिव्हरमध्ये त्याचं खरं विषारी रूप तयार होतं, म्हणून त्याचा त्रास लांबतोच. सरांनी पाम परत सुरू करायला सांगितलं, एक दिवस दिलं, फरक दिसला नाही, बंद केलं. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, माझ्या बाजूनंही नाही आणि त्यांच्याही.

पुढचे आठ दिवस व्हेंटिलेटर, फिजिओथेरपी, सक्शन, कूस बदलणं. यात लिहिण्यासारखं नाट्य काही नाही, पण पेशंट खरा वाचतो तो इथं. या स्नायूंवर औषध नाही, ते आपले आपण परत येतात, तोवर श्वास चालू ठेवायचा आणि ट्यूबमुळे नवीन न्यूमोनिया होऊ द्यायचा नाही, एवढंच काम. परत येताना क्रम उलटा, श्वास आणि हातपाय आधी, मान जवळजवळ शेवटी. म्हणून दुसऱ्यांदा ट्यूब काढताना मानेची वाट बघितली. दहा सेकंद डोकं धरलं, मोजणी पंचविसाच्या पुढं, मग काढली. सोळाव्या दिवशी घरी.

शुद्धीवर नीट आल्यावर नोंदीबद्दल त्याला विचारलं. त्यानं विचारलं, यात माझं नाव येणार का. नाही म्हटल्यावर सही केली.

तीन आठवड्यांनी ओपीडीत बोलावलं होतं, कारण मोठ्या डोसनंतर क्लोरपायरिफॉसनं उशिरा पायांच्या नसा बिघडू शकतात, पोटऱ्यांत पेटके, मग पाऊल लोंबणं. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. दोन्ही जमलं. बाग यंदा भावानं सांभाळली, ब्लोअरही तोच चालवतोय. कोल्ड्रिंकच्या बाटल्या शेडमधून गेल्यात का विचारलं, तर बायको म्हणाली गेल्या, आणि तो काही बोलला नाही.

आमच्या तक्त्यात आता एक रकाना वाढलाय: मान उचलणं आणि एका श्वासातली मोजणी, दर चार तासांनी, पाच दिवसांपर्यंत, पेशंट वॉर्डात गेला तरी. वॉर्डातल्या सिस्टरांनी सुरुवातीला कुरकुर केली की आमच्याकडे आधीच तक्ते कमी आहेत का. मोजायला अर्धा मिनिट लागतो हे दाखवल्यावर भरायला लागल्या. लेबलचा फोटो मागवणं कॅज्युअल्टीच्या पहिल्या कागदावर गेलंय, वजन आणि वयाच्या खालोखाल. पाम किती दिवस द्यायचं तो रकाना मात्र अजून कोराच आहे, त्यावर सरांची सही होत नाही आणि माझीही.